सातचा भोंगा आणि आपली मुले

(कुटुंबासाठी अभ्यासपाठ)



शाळेच्या बातम्या हा आपल्या घराघरांतला आवडीचा विषय. कोणाला दहावीत किती गुण पडले, कोणाच्या मुलीने धावण्याच्या शर्यतीत बक्षीस मिळविले, स्नेहसंमेलन कधी, सहामाही परीक्षा कधी. पूर्वी या बातम्या मुलांच्या डायरीतून किंवा शाळेच्या फलकावरून कळत. आता त्या आईच्या मोबाइलवर येतात आणि गृहपाठही तिथेच येतो. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. मुलांच्या हाती फोन द्यायचा नाही असा ज्या घरांचा दंडक होता, त्या घरांनीही हप्त्याने फोन घेतले आणि मुलांना दिले. पुढे शाळा उघडल्या, पण फोन काही मुलांच्या हातून सुटला नाही.

आपल्या वरणगाव-भुसावळकडे याला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे ऊन. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी अकरानंतर मुलांना बाहेर सोडण्याची सोय नाही. वडील निर्माणीत किंवा रेल्वेत पाळीवर, आई कामात, आणि मूल कूलरसमोर फोन घेऊन बसलेले. हे चित्र आपल्यापैकी अनेकांच्या घरचे आहे. लिहिणारे आम्हीही त्याला अपवाद नाही. म्हणून हा पाठ कोणाला दोष देण्यासाठी लिहिलेला नाही. मुलांना इंटरनेटवर सुरक्षित कसे ठेवायचे, एवढेच आपण मिळून समजून घेऊ या.

1. एका गावाने काय केले

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. कोरोनानंतर तिथल्या शिक्षकांच्या आणि पालकांच्या लक्षात आले की मुले शाळेत आळसावली आहेत, वाचायला-लिहायला बसत नाहीत आणि शाळेच्या आधी व नंतर फोनलाच चिकटून असतात. गावाने ठरविले की रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरून भोंगा वाजवायचा आणि साडेआठपर्यंत प्रत्येक घरातला टीव्ही व मोबाइल बंद ठेवायचा. 15 ऑगस्ट 2022 पासून हे सुरू झाले. पहिल्या दिवशीच सारे गाव ऐकले असे नाही. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन समजावत राहिले.

या गोष्टीतला महत्त्वाचा भाग भोंगा नाही. कारखान्याच्या गावाला भोंग्याचे काय नवल! महत्त्वाचे हे की त्या दीड तासात मुलांचेच नव्हे, तर आई-वडिलांचेही फोन बंद राहिले आणि आईची मालिकाही थांबली. मुले अभ्यासाला बसली आणि मोठी माणसे त्यांच्यासमोर मोकळी बसली.

2. बंदी पुरते का?

त्याच वर्षी, नोव्हेंबर 2022 मध्ये, यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने 18 वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी करणारा ठराव केला. दूर ऑस्ट्रेलियात तर 10 डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवता येऊ नये असा कायदा लागू झाला. आपल्याकडेही ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा संमत केला. अशा नियमांमागची कळकळ खरी आहे आणि लहान मुलांच्या बाबतीत नियम हवेतच. व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम यांच्या स्वतःच्या नियमाप्रमाणेही 13 वर्षे पूर्ण झाल्याशिवाय खाते उघडता येत नाही. आपल्यापैकी किती पालकांनी पाचवीतल्या मुलासाठी खोटी जन्मतारीख घालून खाते उघडून दिले आहे, हे ज्याचे त्याने आठवावे.

पण बंदीची एक मर्यादा आहे. बंदी मोडून मुलाने काही पाहिले किंवा कोणाशी बोलले आणि त्यातून संकट आले, तर ते घरी सांगताना त्याला आधी स्वतःचा गुन्हा कबूल करावा लागतो. नियम जितका कडक आणि शिक्षा जितकी मोठी, तितके मूल गप्प राहते. म्हणून नियम करताना त्याच वेळी मुलाला एक वचन द्यावे लागते : "नियम मोडला असला तरी काही वाईट घडले तर ये आणि सांग. आधी तुला सोडवू, बाकीचे नंतर पाहू."

3. मूल का सांगत नाही

समजा, आठवीतली एक मुलगी आहे. मोबाइलवरच्या खेळात तिची एका मुलाशी ओळख होते. तो म्हणतो, मी जळगावला नववीत आहे. तो तिच्या खेळाचे कौतुक करतो, तिचे रडगाणे ऐकतो, घरचे तिला समजून घेत नाहीत याला दुजोरा देतो. मग म्हणतो, इथे नको, दुसऱ्या अ‍ॅपवर बोलू. आणि कोणाला सांगू नकोस. काही आठवड्यांनी तो फोटो मागतो. साधा फोटो मिळाला की दुसऱ्या प्रकारचा मागतो. आणि तो मिळाला की भाषा बदलते : "अजून पाठव, नाहीतर हा तुझ्या शाळेच्या गटावर टाकतो." तो नववीतला मुलगा नसतो. मुलग्यांच्या बाबतीतही हेच घडते; त्यांच्याकडे बहुधा पैसे मागितले जातात आणि मग मुलगा आईच्या फोनवरून पैसे पाठवू लागतो.

अशा प्रसंगी मुलांच्या मनात काय चालते? फोन काढून घेतील. शाळा बंद करतील. बाबा मारतील. चारचौघांत अब्रू जाईल. नेमके हेच धमकी देणारा त्यांना सांगत असतो : "घरी सांगितलेस तर तुलाच बोलणी बसतील." म्हणजे त्याचे सगळे बळ आपल्या रागावर उभे आहे. आपल्या घरात राग आधी आणि ऐकणे नंतर असा क्रम असेल, तर आपण नकळत त्यालाच मदत करतो.

काही खुणा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. आपण जवळ जाताच मूल फोन उलटा ठेवते, रात्री उशिरा पांघरुणात फोन चालू असतो, न सांगता पैसे किंवा रिचार्ज येतो-जातो, मूल अचानक जेवत नाही, शाळेत जायला नको म्हणते. यातली एखादी खूण दिसली म्हणजे संकट आहेच असे नाही, पण जवळ बसून विचारायची वेळ मात्र आली आहे.

इथे वडगावच्या दीड तासाचा खरा उपयोग कळतो. मूल असे काही एका वाक्यात, ठरवून सांगत नाही. भाजी निवडताना, वहीला कव्हर घालताना, कौटुंबिक प्रार्थनेनंतर अंथरूण घालताना ते हळूच विषय काढते. त्या वेळी समोरच्या माणसाच्या हातात फोन असला तर विषय तिथेच राहतो.

4. सांगितल्यावर काय करावे

पहिले वाक्य ठरवून ठेवावे : "सांगितलेस ते बरे केलेस. यात तुझी चूक नाही." मनात कितीही खळबळ असली तरी त्या क्षणी आवाज चढवू नये. त्यानंतर पुढील गोष्टी क्रमाने कराव्यात.

(अ) धमकी देणाऱ्याला पैसे किंवा आणखी फोटो देऊ नयेत. एकदा दिले की मागणी वाढते.

(आ) संभाषण घाईघाईने पुसून टाकू नये. खात्याचे नाव, फोन नंबर, तारीख, धमकीचा मजकूर यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत आणि मग ते खाते ब्लॉक करावे.

(इ) मुलाचा आक्षेपार्ह फोटो किंवा व्हिडिओ कोणालाही पुढे पाठवू नये. नातेवाईकाला नाही, शाळेच्या गटावर नाही, "सावध राहा" असे सांगण्यासाठीही नाही. मुलांची अशी चित्रे पाठविणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67 ब खाली गुन्हा आहे. अशी चित्रे मुद्दाम पाहणे आणि जवळ बाळगणे याबाबतही सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये कडक निकाल दिला आहे. म्हणून पोलिसांकडे जाण्यास उशीर करू नये.

(ई) पैसे गेले असतील तर ताबडतोब 1930 या क्रमांकावर कळवावे. जितके लवकर कळवू तितकी रक्कम थांबविण्याची शक्यता जास्त. इतर सायबर गुन्ह्यांची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर करता येते. मुलांच्या लैंगिक छळाच्या चित्रांबाबतची तक्रार तिथे नाव न देताही नोंदविता येते.

(उ) मूल स्वतः किंवा कोणीही मोठे माणूस 1098 हा क्रमांक फिरवू शकते. मुलांसाठीची ही सेवा 1996 साली मुंबईत सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. हा नंबर मुलांकडून पाठ करून घ्यावा.

अनेक पालक पोलीस ठाण्याच्या पायरीलाच घाबरतात. त्यांनी हे जाणून घ्यावे : 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. त्या वेळी पोलिसांनी गणवेशात असू नये आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. मुलाची ओळख पटेल असे काहीही छापण्यास किंवा प्रसिद्ध करण्यास मनाई आहे.

5. शाळेच्या बातम्या आणि मुलांचे फोटो

आता आपल्या स्वतःच्या सवयीकडे वळू. मुलाला बक्षीस मिळाले की आपण त्याचा फोटो गटावर टाकतो. खाली पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी, शाळा आणि गाव लिहितो. मागे शाळेचे फाटक दिसते, गणवेशावर बिल्ला दिसतो. हेतू कौतुकाचा असतो; पण ओळख वाढवू पाहणाऱ्या परक्याला जे जे हवे ते सर्व आपण एका चौकटीत त्याला देतो. "तू अमक्या शाळेत सातवी ब मध्ये ना? मी तुझ्या बाबांना ओळखतो," एवढे वाक्य त्याला पुरते. आम्हीही पहिल्या कम्युनियनचे आणि स्पर्धांचे फोटो असेच नावांसह पुढे पाठविले आहेत. ती सवय आता सोडावी लागेल.

यासाठी साधे नियम पुरेत. बातमी द्यावी, पण मुलाचे फक्त पहिले नाव द्यावे. एकट्या मुलाऐवजी गटाचा फोटो घ्यावा. आधी आई-वडिलांना आणि मुलालाही विचारावे. गुणपत्रिका, आधार कार्ड, मुलाचा फोन नंबर गटावर टाकू नये. सहल निघण्यापूर्वी तिचा मार्ग आणि वेळ जाहीर करण्याऐवजी परत आल्यावर बातमी द्यावी.

6. मोठ्यांसाठीही नियम

धोका परक्याकडूनच येतो असे नाही. कधी तो ओळखीच्या, विश्वासाच्या माणसाकडून येतो. म्हणून शिक्षक, शिकवणी घेणारे, धर्मशिक्षण देणारे, गायनमंडळाचे प्रमुख, धर्मगुरू आणि सिस्टर या सर्वांना एकच नियम असावा : मुलाशी खासगीत संदेश नाहीत. जे सांगायचे ते पालक असलेल्या गटावर सांगावे. नियम चांगल्या माणसालाही लागू असला म्हणजे त्याचा अपमान होत नाही, उलट त्याच्यावरचा संशय टळतो.

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतील दोन लहान मुलींवरील अत्याचाराने सारा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर शासनाने शाळांना सीसीटीव्ही बसविण्याचे आणि तक्रारपेटी ठेवण्याचे आदेश दिले. शाळेत सखी सावित्री समिती असावी असा शासन निर्णय तर मार्च 2022 पासूनच आहे. आपल्या मुलांच्या शाळेत ही समिती आहे का, तिच्यात कोण आहेत, हे पालकसभेत विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

असा गुन्हा कळूनही तो पोलिसांना न कळविणे हा पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे आणि संस्थाप्रमुखाला त्यासाठी अधिक शिक्षा आहे. ख्रिस्तसभेतही पोप फ्रान्सिस यांनी मे 2019 मध्ये अशा प्रकारांची माहिती कळविणे धर्मगुरू व व्रतस्थांवर बंधनकारक केले. "संस्थेचे नाव जाईल" हे कारण आता कोठेच चालत नाही.

7. या आठवड्यात करून पाहू

इंटरनेट शत्रू आहे असे आपण मुलांना शिकवू नये. 2006 साली वयाच्या पंधराव्या वर्षी वारलेल्या कार्लो अकुतिस या मुलाला 7 सप्टेंबर 2025 रोजी संतपद मिळाले. तो संगणकात हुशार होता आणि त्याने पवित्र मिस्साबलिदानासंबंधीच्या चमत्कारांचे संकेतस्थळ तयार केले. व्हिडिओ गेमसाठी मात्र त्याने स्वतःला आठवड्यातून एकच तास ठरवून दिला होता असे सांगतात. मर्यादा त्याची त्याने घातली होती. आपल्या मुलांना तिथवर न्यायचे आहे.

आपल्याकडे सर्वांना सातचा भोंगा जमणार नाही. कोणाची दुसरी पाळी, कोणाची रात्रपाळी, कोणाची रेल्वेची ड्यूटी. प्रत्येक घराने आपापला तास ठरवावा : आठवड्यातून निदान पाच दिवस, सगळ्यांचे फोन एका टोपलीत, आई-बाबांचेही. पाळीवर असणाऱ्याने सुटीच्या दिवशी तो तास भरून काढावा. रात्री झोपताना सर्वांचे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावावेत.

त्या तासात पुढील प्रश्नांवर घरी बोलावे. आधी मोठ्यांनी उत्तर द्यावे, मग मुलांनी.

• माझा फोन मी कोणत्या वेळी खाली ठेवू शकत नाही? का?
• इंटरनेटवर ओळख झालेल्या कोणाशी आपण बोलतो का? त्याला प्रत्यक्ष पाहिले आहे का?
• कोणी "घरी सांगू नकोस" म्हणाले, तर काय करायचे?
• आई-बाबांना सांगायची भीती वाटली, तर आणखी कोणाला सांगता येईल? आजी, मावशी, वर्गशिक्षिका, फादर, सिस्टर? एक नाव ठरवा.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मुलाने मनापासून दिले, तर त्या नावाच्या व्यक्तीला जाऊन भेटावे आणि सांगावे, "आमच्या मुलाने तुमचे नाव घेतले आहे." मूल आपल्याऐवजी दुसऱ्याकडे जाईल याचे वाईट वाटून घेऊ नये. ते कोणाकडे तरी जाईल, हेच आपल्याला हवे आहे.

प्रभू आपल्या घराघरांतील लेकरांना सांभाळो, आणि त्यांचे ऐकून घ्यायला आपल्याला सवड देवो.