परिचर्या : शास्त्र, शिक्षण आणि आपले दायित्व

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात शस्त्रक्रियांची संख्या, बाह्यरुग्ण विभागाची आकडेवारी, नव्या उपकरणांची यादी आणि देणगीदारांची नामावली यांना हक्काची जागा असते. परिचारिकांच्या वाट्यास मात्र बहुधा आभारप्रदर्शनातील एक ओळ येते. वस्तुतः रुग्ण दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंत चोवीस तास त्याच्याजवळ असते ती परिचारिकाच. म्हणून या खेपेस अहवालाची काही पाने आम्ही परिचर्या या विषयास देत आहोत.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, उपस्थाता आणि स्वतः रुग्ण. उपस्थाता म्हणजे रुग्णाजवळ राहून त्याची परिचर्या करणारा. त्याच्या अंगी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता हे गुण असावेत अशी तेथे अपेक्षा आहे. यांत ज्ञानाचा उल्लेख अनुरागाच्या आधी येतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आपण आज परिचारिकेस सेवेची मूर्ती म्हणून गौरवितो आणि तिच्या ज्ञानाविषयी फारसे विचारीत नाही. आचार्यांचा क्रम आम्हांस अधिक न्याय्य वाटतो.

आधुनिक परिचर्येच्या इतिहासात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे स्थान सर्वश्रुत आहे. १८५४ च्या क्रिमियन युद्धातील त्यांचा दिवा सर्वांना ठाऊक असतो, त्यांची आकडेमोड तितकी ठाऊक नसते. जखमांपेक्षा अस्वच्छतेमुळे होणाऱ्या रोगांनी अधिक सैनिक दगावतात, हे त्यांनी तक्ते मांडून राज्यकर्त्यांना दाखविले. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाचे परिचर्या विद्यालय सुरू झाले. हिंदुस्थानात त्या कधीही आल्या नाहीत. तरी येथील लष्कराच्या आरोग्यस्थितीविषयीच्या १८६३ च्या राजनियुक्त आयोगाच्या अहवालात त्यांचा मोठा वाटा होता.

आपल्या प्रांतात या शिक्षणाने मूळ धरावयास काळ लागला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी १८९१ साली आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव तेथील पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून घेतले जाते. त्या काळी घराबाहेर पडून, परक्या पुरुषाच्या अंगास हात लावून, जातीपातीचा विचार न करता मलमूत्र काढावयाचे आणि रात्रपाळी करावयाची, हे कुलीन समजल्या जाणाऱ्या घरांना पटणारे नव्हते. १९०९ साली पुण्यात स्थापन झालेल्या सेवासदनातून रमाबाई रानडे यांनी विधवा व निराधार स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणास धाडले, तेव्हा त्यांना याच विरोधास तोंड द्यावे लागले. आज कोकणातील एखादी मुलगी गणवेश घालून एस. टी. ची वाट पाहात उभी असते आणि कोणी वळूनही पाहात नाही. हे सहजपण मिळावयास दोन पिढ्या खपल्या आहेत.

संख्येचा प्रश्न तरीही राहिलाच. भोर समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला तेव्हा देशात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे दर ४३,००० लोकसंख्येमागे एक. पुढे १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद आणि १९६६ च्या कायद्याने महाराष्ट्रात राज्य परिषद यांची चौकट आखली गेली. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिसेवा आयोगाचा नवा कायदा संमत केला.

शिक्षणाच्या पायऱ्यांविषयी आमच्याकडे पालक वारंवार विचारणा करतात, म्हणून थोडक्यात सांगतो. 'ए. एन. एम.' हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या भगिनी मुख्यतः उपकेंद्रांवर माता-बालकांची काळजी घेतात. 'जी. एन. एम.' ही तीन वर्षांची पदविका, तर बी. एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी होय. कोणताही मार्ग धरला तरी परिषदेकडे नोंदणी झाल्यावाचून परिचारिका म्हणून काम करता येत नाही. चार-सहा महिने डॉक्टरांच्या हाताखाली काम करून इंजेक्शन देण्यास शिकलेल्या मुली अनेक ठिकाणी पांढरा पोशाख घालून वावरतात. त्यांच्या कष्टांविषयी आम्हांस आदर आहे. पण त्यांना परिचारिका म्हणणे त्यांच्यावरही अन्याय आहे आणि रुग्णावरही. आपला माणूस कोठेही दाखल असो, परिचारिकेच्या नोंदणीविषयी विचारण्याचा नातेवाइकांना पूर्ण अधिकार आहे.

या शिक्षणाचा उपयोग नेमका कोठे होतो, हे पाहावयाचे तर आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण पुरेसे आहे. कोकणपट्टीत लाल विंचवाचा दंश हे जुने संकट. महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांचे तासन् तास निरीक्षण केले आणि पुढे १९८० च्या दशकात प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध केला. या कार्यास २०२२ साली पद्मश्रीचा सन्मान लाभला. पूर्वी गंभीर दंशाच्या १०० रुग्णांपैकी २५ ते ३० दगावत. हे प्रमाण नंतर फारच थोड्यावर आले.

औषध साधी गोळी आहे. परंतु ती यशस्वी होण्यामागे रात्रभरची परिचर्या असते. विषामुळे शरीरातील रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय गार पडतात, दरदरून घाम फुटतो, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि अखेर फुप्फुसांत पाणी साचू लागते. हा क्रम काही तासांत घडतो. गोळीमुळे रक्तवाहिन्या सैलावतात. मात्र रुग्ण एकाएकी उठून बसला, तर रक्तदाब घसरून तो कोसळू शकतो. म्हणून त्याला आडवेच ठेवावयाचे, मुलास आईने कडेवर उचलू नये म्हणून समजावावयाचे, नाडी व रक्तदाब पुनःपुन्हा मोजून लिहावयाचा, तळपायास हात लावून तो कोरडा व उबदार झाला की नाही हे पाहावयाचे आणि तसे होईपर्यंत दर तीन तासांनी पुढची मात्रा द्यावयाची. श्वासाची गती वाढू लागली अथवा खोकला सुरू झाला, तर डॉक्टरांना त्याच क्षणी उठवावयाचे. डॉक्टर प्रत्येक खाटेपाशी रात्रभर बसू शकत नाहीत. तळपाय गार आहे हे ज्या हाताला प्रथम कळते, त्या हाताला त्याचा अर्थही कळला पाहिजे. तीन-चार वर्षांचे शिक्षण असते ते यासाठी.

परिचर्येचा दर्जा कशाने मोजावा, याचे दुसरे उदाहरण मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील आहे. तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये अमानुष हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणास खिळल्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे सुमारे ४२ वर्षे, तेथील परिचारिकांनी पिढ्यानुपिढ्या त्यांना न्हाऊ-माखू घातले, भरविले, कूस पालटली. इतक्या वर्षांत त्यांना शय्याव्रण होऊ दिले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात या सेवेची गौरवाने दखल घेतली. ज्यांनी घरी पक्षाघाताच्या रुग्णाची दोन महिने तरी शुश्रूषा केली आहे, त्यांना ४२ वर्षांचा हा हिशेब निराळा समजावून सांगावयास नको.

आता थोडे पैशांविषयी लिहिणे भाग आहे. आमच्याकडे येणारी देणगी बहुधा एखाद्या यंत्रासाठी, खोलीसाठी वा रुग्णवाहिकेसाठी असते, आणि तीबद्दल आम्ही कृतज्ञच आहोत. यंत्रावर नामफलक लावता येतो, रात्रपाळीवर लावता येत नाही. सामान्य रुग्णालयात दर ५ खाटांमागे एक परिचारिका असावी, असा परिषदेचा मानदंड नेहमी सांगितला जातो. पण वॉर्डातील एका टेबलापाशी चोवीस तास एक परिचारिका हवी असेल, तर किती नेमणुका कराव्या लागतात? दिवसाच्या तीन पाळ्या, आठवड्याच्या २१. एका परिचारिकेने आठवड्यास सहा पाळ्या केल्या तर साडेतीन जणी लागतात; रजा, आजारपण व बाळंतपण धरता चार ते पाच. हा हिशेब ऐकून अनेक हितचिंतक चकित होतात. खाटा वाढविण्याची सूचना आम्हांस दरवर्षी येते. ती आम्ही सावकाशीने घेतो, त्याचे कारण हे आहे.

श्रीवर्धनसारख्या ठिकाणी अडचण आणखी वाढते. येथून माणगाव, अलिबाग वा मुंबई गाठावयाची तर घाट आणि वळणे चुकत नाहीत. शिकलेली मुलगी मोठ्या शहराकडे ओढली जाते. तिला दोष देणे आम्हांस योग्य वाटत नाही, कारण तेथे वेतन अधिक असते आणि शिकावयासही अधिक मिळते. मात्र ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्याच किनाऱ्यावर धडकले, सुपारी-नारळाच्या वाड्या आडव्या झाल्या, झाडे पडून रस्ते बंद झाले, वीज व दूरध्वनी गेले, आणि तेही करोनाच्या ऐन काळात. अशा वेळी मुंबईचे कोणतेही मोठे रुग्णालय कामास येत नाही. गावात राहणारी, घरी चालत जाऊ शकणारी परिचारिकाच तेव्हा उपयोगी पडते. सुपारीची रोपे लावल्यावर उत्पन्नासाठी वर्षे थांबावे लागते, हे येथल्या बागायतदारांना आम्ही काय सांगावे? तालुक्यातील होतकरू मुलींच्या शिक्षणशुल्कासाठी आणि परिचारिकांच्या सुरक्षित निवासासाठी दिलेली देणगी त्याच जातीची आहे. अशी देणगी देऊ इच्छिणाऱ्यांनी पावतीवर तसा उद्देश अवश्य नमूद करावा.

रुग्णांच्या नातेवाइकांनाही एक विनंती आहे. रुग्णसेवेतील व्यक्तींवरील हिंसेस प्रतिबंध करणारा कायदा महाराष्ट्रात २०१० पासून आहे, पण त्याची आठवण देण्याची वेळ येऊ नये. पाळी बदलताना परिचारिका एकमेकींस प्रत्येक रुग्णाची माहिती सोपवीत असतात. ती दहा-पंधरा मिनिटे त्यांना द्यावीत. रुग्ण घरी घेत असलेल्या गोळ्या, मग त्या वैद्यांच्या असोत वा दुकानातून आणलेल्या, पहिल्याच दिवशी पिशवीसह सिस्टरांना दाखवाव्यात. आणि रात्री काही निराळे जाणवले, श्वास, घाम, बोलण्यातील असंबद्धता, तर सकाळच्या फेरीची वाट न पाहता त्यांना उठून सांगावे.