रानकोंबड्याचे रान : शिकारबंदीनंतरची जबाबदारी

महाराष्ट्राच्या पूर्व टोकास वसलेले चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे राज्याचे वनभांडार म्हणून ओळखले जातात. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भूभाग वनाखाली आहे. साग, ऐन, बिजा, मोह, तेंदू आणि बांबू यांच्या या रानात पहाटेच्या वेळी एक ओळखीची बांग ऐकू येते. ती गावातल्या कोंबड्याची नसते. ती रानकोंबड्याची असते.

वाघ, बिबट आणि रानगवा यांच्याविषयी पुष्कळ लिहिले व बोलले जाते. त्या मानाने जमिनीवर वावरणाऱ्या आणि जमिनीवरच अंडी घालणाऱ्या पक्ष्यांकडे लक्ष कमी जाते. वस्तुतः गावालगतच्या जंगलाची प्रकृती कशी आहे, याची पहिली खूण हेच पक्षी देतात. शिवाय त्यांचे रक्षण करणे हे बहुतांशी गावाच्या हाती असते. म्हणून ग्रामसभा, शाळा आणि स्थानिक अधिकारी यांनी हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे.

एकाच कुळातील पाखरे

मोर, रानकोंबडा, चकोत्री, तित्तिर आणि लावा हे सर्व पक्षी एकाच कुळात मोडतात. हिमालयातील मोनाल आणि परदेशात शिकारीसाठी प्रसिद्ध असलेला फेजंट हेही याच कुळातले होत. मोनालसारखे पक्षी आपल्याकडे नाहीत. त्यांची जागा येथे मोर व रानकोंबडा यांनी घेतली आहे. भक्कम पाय, जमीन उकरून अन्न शोधण्याची सवय, आखूड भरारी आणि संकट आल्यास उडण्यापूर्वी झुडपात पळण्याची प्रवृत्ती ही या कुळाची लक्षणे आहेत. त्यामुळे खालची झुडपे आणि पाचोळा हेच त्यांचे खरे घर ठरते.

रानकोंबड्याच्या दृष्टीने या प्रदेशाला विशेष महत्त्व आहे. दक्षिण व पश्चिम भारतातील राखी रानकोंबडा आणि उत्तर व पूर्व भारतातील तांबडा रानकोंबडा यांच्या वस्तीची सीमा मध्य भारतातून, स्थूलमानाने गोदावरीच्या आसपास जाते. तांबड्याचा वावर सालवृक्षाच्या वनांशी आणि राखीचा सागाच्या वनांशी निगडित असल्याचे अभ्यासकांनी फार पूर्वीच नोंदविले आहे. कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांनी १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य भारतावरील आपल्या ग्रंथात या संबंधाकडे लक्ष वेधले होते. राखी नराच्या मानेवरील पिसांवर मेणासारखे चकचकीत पिवळे ठिपके असतात. तांबड्या नराची मान सोनेरी-नारिंगी असते.

तांबडा रानकोंबडा हा जगभरातील पाळीव कोंबड्यांचा मुख्य पूर्वज होय. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने असे दाखविले की, पाळीव कोंबडीच्या पिवळ्या कातडीचा गुण राखी रानकोंबड्याकडून आला आहे. म्हणजे परसातल्या कोंबडीत या दोन्ही रानपाखरांचा वारसा आहे. हे रान राखणे म्हणजे एका अर्थी आपल्याच कोंबड्यांचे मूळ बियाणे राखणे होय.

परवान्यापासून बंदीपर्यंत

ब्रिटिश अमदानीत चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता. राखीव जंगले सरकारी मालकीची झाली होती. शिकारीसाठी जंगलाचे ब्लॉक पाडले जात आणि परवाना घेऊन तेथे बंदूक चालविता येई. १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण अधिनियमाच्या अनुसूचीत रानकोंबडा, मोर, तित्तिर, लावा आणि चकोत्री यांची नावे होती. ठराविक काळात त्यांना मारू नये म्हणून बंद हंगाम जाहीर करण्याचा अधिकार या कायद्याने सरकारला दिला. या व्यवस्थेत एक विसंगती होती. परवानाधारकाची बंदूक कायदेशीर होती, तर पिढ्यान्‌पिढ्या त्याच रानात राहणाऱ्या माडिया व गोंड माणसाचा फासा राखीव जंगलात गुन्हा ठरत होता. जंगल कायद्याविषयी गावोगावी जो दुरावा आढळतो, त्याचे एक मूळ येथे आहे, हे अधिकाऱ्यांनी विसरू नये.

पुढे धोरण बदलत गेले. ताडोबाच्या जंगलात १९३५ साली शिकारीस बंदी झाली आणि १९५५ साली ते राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. १९६३ साली मोर हा राष्ट्रीय पक्षी ठरला. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने देशभर एकसूत्रता आणली. तथापि लहान शिकारीचे परवाने देण्याची तरतूद त्यातही होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती संपुष्टात आली. तेव्हापासून अनुसूचीतील प्राणी-पक्ष्यांची हौसेखातर वा मांसासाठी शिकार करण्याचा परवाना कोणालाही मिळत नाही. अनुसूचींची फेररचना करणारी २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. मोर पहिल्या अनुसूचीत असल्याने त्याच्या शिकारीस किमान तीन व कमाल सात वर्षे कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे.

अन्य देशांचा मार्ग वेगळा आहे. अमेरिकेत फेजंट हा मूळचा आशियातून नेलेला पक्षी असून, सार्वजनिक जमिनीवर परवाना घेऊन त्याची शिकार करता येते. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका व दारूगोळ्यावरील कराची रक्कम वन्यजीवांच्या अधिवासाच्या कामी राज्यांना दिली जाते. तेथे शिकारीच अधिवासाचा खर्च भरतो. आपण शिकार बंद केली, हे योग्यच झाले. परंतु त्यामुळे अधिवासाची निगा कोणी राखावी, हा प्रश्न आपोआप सुटत नाही. बंदी पाखराला गोळीपासून वाचवू शकते. झुडूप, दाणा व पाणी देऊ शकत नाही.

कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाचा अर्थ

शिकार म्हणजे बंदुकीने मारणे, असा सर्वसाधारण समज आहे. कायद्याची व्याख्या याहून पुष्कळ व्यापक आहे. मारणे, पकडणे, विष घालणे, फासा किंवा सापळा लावणे, आमिष दाखविणे आणि यांपैकी काहीही करण्याचा प्रयत्न करणे, हे सारे शिकारीत मोडते. एवढेच नव्हे, तर वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणे आणि अंडी किंवा घरटी विस्कटणे यांचाही त्यात समावेश आहे. गंमत म्हणून तित्तिराची अंडी घरी आणणाऱ्या मुलाला हे ठाऊक नसते. त्याच्या शिक्षकाला मात्र ते ठाऊक असले पाहिजे.

दुसरा गैरसमज वनहक्कांविषयी आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क मान्य केले, तेव्हा जुनी पारधही आता मोकळी झाली, असे काही ठिकाणी समजले जाते. हे बरोबर नाही. या कायद्याचे कलम ३ पारंपरिक हक्कांना मान्यता देताना शिकार करणे, सापळ्यात पकडणे आणि वन्य प्राण्याच्या शरीराचा भाग काढणे हे स्पष्टपणे वगळते. याच कायद्याचे कलम ५ मात्र ग्रामसभेला फार मोठा अधिकार देते. वन्यजीव, वन व जैवविविधता यांचे रक्षण करणे, सामूहिक वनसंपत्तीच्या वापराचे नियमन करणे आणि त्यांना बाधक ठरणारे कोणतेही काम थांबविण्याचा निर्णय अमलात आणणे, हे अधिकार त्यात आहेत. शिकारीचा हक्क मिळाला नाही, पण रान राखण्याचा हक्क मिळाला, असे याचे सार आहे.

वणव्याचे दिवस आणि घरट्याचे दिवस

या रानातील खरा पेच वर्षाच्या वेळापत्रकात आहे. राखी रानकोंबडीचा विणीचा मुख्य काळ फेब्रुवारी ते मे, तर तांबडीचा साधारणतः मार्च ते जून असतो. चकोत्रीही याच सुमारास अंडी घालते. घरटे म्हणजे झुडपाच्या किंवा बांबूच्या बेटाच्या आडोशाला, पाचोळ्यात केलेला एक उथळ खळगा. राखी रानकोंबडी त्यात साधारणतः चार ते सात अंडी घालते आणि सुमारे तीन आठवडे ती उबविते.

नेमक्या याच काळात माणसाचीही रानातील लगबग वाढते. फेब्रुवारी-मार्चमध्ये तेंदूची झुडपे छाटली जातात, मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचली जातात आणि त्यानंतर तेंदूपानांचा हंगाम येतो. फुले नीट दिसावीत म्हणून मोहाखालचा पाचोळा पेटविला जातो. तेंदूला कोवळी पालवी यावी म्हणून झुडपांना आग लावली जाते. ही आग वाऱ्याने पसरते आणि तिचा वणवा होतो. मोठा पक्षी उडून जातो. अंडी जागीच भाजतात व नुकतीच फुटलेली पिले होरपळतात. पाचोळ्याबरोबर वाळवी व किडेही जळतात, आणि सुरुवातीचे काही आठवडे पिलांची वाढ मुख्यतः याच खाद्यावर होते. दहा फाशांनी होणार नाही एवढी हानी एका दुपारच्या आगीने होऊ शकते. मोहफूल आणि तेंदूपान हा येथील कुटुंबांच्या रोख मिळकतीचा मोठा आधार असल्याने वेचणी थांबवा, असे म्हणणे अन्यायाचे होईल. थांबवावयाची आहे ती आग.

मोर यास अपवाद आहे. लांडोर बहुधा पावसाळ्यात अंडी घालते. तिला वणव्यापेक्षा मोकाट कुत्री आणि कीटकनाशक लावलेले बियाणे यांचे भय अधिक असते.

ग्रामसभेस करता येण्याजोगी कामे

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. अभ्यासगट नेमून विषय समजून घेणे आणि सर्वसहमतीने निर्णय करणे ही या गावाची रीत आहे. मधमाशा न मारता मध काढण्याची पद्धत या गावाने अभ्यासातून स्वीकारली. उत्पन्न घ्यावे, पण घर मोडू नये, हे जे तत्त्व पोळ्याला लागू झाले, तेच घरट्यालाही लागू होते. त्या धर्तीवर पुढील गोष्टी कोणत्याही गावास करता येतील.

१. मोहाखालची जागा पेटविण्याऐवजी झाडून घ्यावी किंवा तेथे जाळी अंथरावी. तेंदूसाठी फक्त छाटणी करावी. आग न लावण्याची अट ग्रामसभेने ठरावाने घालावी. १५ फेब्रुवारी ते १५ जून या आगीच्या हंगामासाठी पाळीपाळीने राखण ठेवावी आणि जाळरेषा हंगामापूर्वी साफ कराव्यात.

२. सामूहिक वनाचा काही भाग, विशेषतः नाल्याकाठचा झुडपी पट्टा, विणीच्या काळात चराई व तोडीपासून मुक्त ठेवावा. शेताच्या धुऱ्यावरील बोर, करवंद यांसारखी झुडपे सरसकट काढू नयेत.

३. बांबूची तोड करताना प्रत्येक बेटात काही जुने बांबू राखावेत. मानवेल बांबू अनेक वर्षांनी एकदम फुलतो. त्या वेळी पडणारे बी हे रानकोंबड्यांचे आवडते खाद्य असते. पण त्यानंतर वाळलेली बेटे आगीला आमंत्रण देतात. अशा वर्षी राखण दुप्पट करावी.

४. उन्हाळ्यात पाखरे सकाळ-संध्याकाळ पाण्यावर येतात आणि फासेही तेथेच लावले जातात. नाल्यात उतरत्या काठाचे लहान खड्डे काढावेत. माजी मालगुजारी तलाव व बोड्या यांच्या काठांवर नियमित फेरी ठेवावी. फासा किंवा विजेची तार आढळल्यास हात न लावता वनरक्षकास कळवून पंचनामा करवून घ्यावा. रानडुकरांसाठी सोडलेली अशी तार माणसांचाही बळी घेते.

५. परसातील कोंबड्यांना राणीखेत अर्थात मानमोडी रोगाची लस वेळेवर टोचावी. या रोगाचा संसर्ग रानपाखरांनाही होऊ शकतो. शिवाय घरच्या कोंबड्या जगल्या, तर मांसासाठी रानात जाण्याची गरजही कमी होते. जंगलाच्या कडेला कोंबड्या मोकाट सोडू नयेत. त्यांच्याशी संकर होऊन तांबड्या रानकोंबड्याचे शुद्ध वाण नाहीसे होण्याचा धोका असतो.

ही कामे एकट्या वनखात्याची नाहीत आणि एकट्या गावाचीही नाहीत. वनहक्क नियमांनुसार ग्रामसभेने नेमलेली वन संरक्षण समिती, २००२ च्या जैविक विविधता अधिनियमाखालील जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि वनरक्षक यांनी हंगामापूर्वी एकत्र बसून कामाची वाटणी केल्यास बरेच काही साध्य होईल.

शाळेचा वाटा

केलेल्या कामाचा उपयोग झाला की नाही, हे मोजण्याची एक सोपी रीत आहे. मार्च महिन्यात ठराविक दिवशी, सूर्योदयापूर्वी अर्धा तास, गावाच्या कडेवरील ठराविक जागी शिक्षकांनी चार-पाच विद्यार्थ्यांसह शांत उभे राहावे. किती वेगवेगळ्या दिशांनी रानकोंबड्याची बांग आली, हे वहीत टिपावे. तीच जागा, तीच वेळ आणि तोच महिना दरवर्षी पाळावा. या आकड्यांवरून पाखरांची नेमकी संख्या कळणार नाही, परंतु ती वाढते आहे की घटते आहे, याचा अंदाज चार-पाच वर्षांत येईल. वणवा कोठे व केव्हा लागला, याचीही शेजारच्या रकान्यात नोंद असावी. ही वही गावाच्या लोकजैवविविधता नोंदवहीस जोडता येते आणि ग्रामसभेपुढे वाचता येते.

शिकारबंदीचे काम कायद्याने केले. बंदूक खाली ठेवली गेली, तरी काडी अजून हातात आहे. ती न ओढण्याचा निर्णय मंत्रालयात होऊ शकत नाही. तो मोहाच्या झाडाखाली, वेचणीस गेलेल्या माणसांनीच घ्यावयाचा आहे. ज्या ग्रामसभा हा निर्णय स्वतः घेतील, त्यांच्या रानात चैत्रातील पहाटेची बांग पुढच्या पिढीलाही ऐकू येईल.