डाऊन सिंड्रोम : ‘ही मुलगी शिकेल का?’

गेल्या पंधरवड्यात एक तरुण जोडपे तीन महिन्यांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आले. सोबत मुलीची आजी होती. वडिलांच्या हातात गुणसूत्र तपासणीचा अहवाल होता. बालरोगतज्ज्ञांनी ‘डाऊन सिंड्रोम’ असे निदान सांगितले होते. पण त्या धक्क्यात पुढचे काहीच त्यांच्या कानात शिरले नव्हते. म्हणून ते आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे आले. आईवडील गप्प होते. शेवटी आजीनेच तोंड उघडले, “डॉक्टर, खरं सांगा. ही पोर शिकेल का?”

हाच प्रश्न मला १९९८ साली एका आईने विचारला होता. मी तेव्हा नुकताच दवाखाना थाटला होता. मी सांगितले, “ताई, ही मुलं फारशी शिकत नाहीत. प्रेमानं सांभाळा, जास्त अपेक्षा ठेवू नका. दुसऱ्या मुलाचा विचार करा.” मी खोटे बोललो नव्हतो. माझ्या अभ्यासात या विषयाला जेमतेम एक पान होते आणि त्यात असाच सूर होता. परंतु त्या वेळेपर्यंत या मुलांच्या शिक्षणावर जवळजवळ वीस वर्षे संशोधन चालले होते, आणि मी ते उघडून पाहिले नव्हते, ही माझी चूक.

सुदैवाने त्या माउलीने माझे ऐकले नाही. तिचा मुलगा आज मामाच्या किराणा दुकानात काम करतो. गिऱ्हाईकाने आणलेली यादी वाचून एकेक वस्तू काढून देतो. हिशेब त्याला जमत नाही, तो मामा करतात. दरवर्षी थायरॉईडच्या तपासणीसाठी येतो तेव्हा माझ्या भिंतीवरची पाटी मोठ्याने वाचून दाखवतो. आजच्या लेखाला तोच कारणीभूत आहे.

डाऊन सिंड्रोम म्हणजे काय?

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीत साधारणतः गुणसूत्रांच्या २३ जोड्या, म्हणजे ४६ गुणसूत्रे असतात. डाऊन सिंड्रोममध्ये २१ व्या जोडीत दोनऐवजी तीन गुणसूत्रे येतात. १८६६ साली इंग्लंडमधील डॉ. जॉन लँगडन डाऊन यांनी या मुलांचे प्रथम नीट वर्णन केले, म्हणून हे नाव पडले. त्यामागचे जादा गुणसूत्र मात्र १९५९ साली फ्रान्समध्ये डॉ. जेरोम लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. ग्रहणात काही चिरले, गरोदरपणी काही पाहिले, कोणाची नजर लागली, यांचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. हा आईचा दोष नाही, वडिलांचाही नाही. आईचे वय वाढते तशी शक्यता वाढते हे खरे; परंतु तरुण आयांना मुळात जास्त मुले होतात, त्यामुळे अशी बाळे त्यांच्या पोटीही जन्मतात. हा बरा होणारा आजारही नव्हे. ते जादा गुणसूत्र आयुष्यभर राहते. त्याच्यासह मूल कसे वाढते, हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हाती असते. संशोधनाने हेच दाखवले आहे.

एका वडिलांचे पत्र

इंग्लंडमध्येसुद्धा १९७० चा कायदा होईपर्यंत बुद्धीने फार मागे असलेल्या मुलांना ‘शाळेत शिकवण्यास अयोग्य’ असे ठरवता येत असे. पुढे १९८० साली पोर्ट्समथ येथील मानसशास्त्रज्ञ स्यू बकली यांच्याकडे एका वडिलांचे पत्र आले. त्यांच्या मुलीला डाऊन सिंड्रोम होता आणि तिसऱ्या वर्षापासून ते तिला वाचायला शिकवत होते. शब्द वाचू लागल्यामुळे तिचे बोलणेही सुधारले, असे त्यांचे निरीक्षण होते.

बकलीबाईंनी ते पत्र बाजूला टाकले नाही. ‘बापाची माया’ म्हणून हसण्यावारीही नेले नाही. इतर मुलांबाबतही असे घडते का, हे त्यांनी तपासायला घेतले. काही लहान मुले कार्डावरचे छापील शब्द खरोखरच ओळखू लागली. मग या मुलांची बुद्धी कुठे अडते आणि कुठे चालते, याचा शोध सुरू झाला.

कानाने अडते, डोळ्याने चालते

त्यातून जे हाती लागले ते प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावे. आपल्याला कोणी दहा आकडी फोन नंबर सांगितला, तर तो लिहून घेईपर्यंत आपण मनातल्या मनात घोळवतो. ऐकलेले क्षणभर धरून ठेवण्याची ही शक्ती डाऊन सिंड्रोमच्या मुलांत विशेष कमी असते. मोठे वाक्य ऐकताना शेवट येईपर्यंत सुरुवात निसटते. नुसते तोंडी शिकवलेले म्हणूनच टिकत नाही, आणि आपण म्हणतो, “याच्या डोक्यात काही शिरत नाही.”

याउलट पाहिलेले लक्षात ठेवण्याची शक्ती त्यामानाने चांगली असते. उच्चारलेला शब्द हवेत विरतो. कार्डावर लिहिलेला शब्द मूल पाहील तितका वेळ समोर राहतो. दुसरे असे की, या मुलांना बोलता येते त्यापेक्षा समजते जास्त. तेव्हा बोलत नाही म्हणून समजत नाही, असा अर्थ काढू नका. त्याच्यासमोर त्याच्याविषयी वाटेल ते बोलूही नका.

डोस महत्त्वाचा

एखादी पद्धत चांगली वाटते आणि ती खरोखर चांगली असते, यात फरक आहे. औषधाप्रमाणे तिचीही परीक्षा व्हावी लागते. इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी, बकलीबाईंसह, २०१२ साली अशी परीक्षा प्रसिद्ध केली. डाऊन सिंड्रोम असलेल्या ५७ शाळकरी मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला रोज ४० मिनिटे वाचन आणि भाषेचा ठरावीक पाठ दिला. दुसऱ्या गटाला तोच पाठ २० आठवड्यांनंतर सुरू केला. पहिल्या २० आठवड्यांत पहिला गट शब्द वाचणे, अक्षरांचे आवाज ओळखणे, आवाज जोडणे आणि शिकवलेले शब्द वापरणे यांत पुढे गेला.

आता दुसरी बाजू. जे शिकवले नव्हते, त्यात मुले आपोआप पुढे गेली नाहीत. म्हणजे या मुलांना प्रत्येक पायरी शिकवावी लागते. शिवाय, ज्यांचे वय कमी होते आणि ज्यांचे पाठ जास्त झाले, त्यांची प्रगती अधिक होती. आम्ही डॉक्टर रुग्णांना सांगतो ना, की गोळी रोज घ्या, एकदम दहा घेऊ नका! इथेही तेच. रविवारी दोन तास बसवण्यापेक्षा रोज थोडे बरे.

चालण्याचेही तसेच. या मुलांचे स्नायू ढिले आणि सांधे सैल असतात, म्हणून पाऊल उशिरा पडते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात ३० बाळांपैकी निम्म्यांना, आईवडिलांनी धरून, लहानशा सरकत्या पट्ट्यावर आठवड्यातून पाच दिवस, रोज फक्त ८ मिनिटे पावले टाकायला लावली. ती बाळे इतरांपेक्षा सरासरी १०१ दिवस आधी स्वतंत्रपणे चालू लागली. मूल चालू लागले की जग त्याच्या हाती येते, तेही शिक्षणच. हे वाचून कोणी घरी यंत्र आणू नये! फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या आणि ते रोज न चुकता करा.

पाटीआधी तपासणी

माझ्या अनुभवात ‘शिकत नाही’ म्हणून आणलेल्या काही मुलांना मुळात ऐकूच कमी येत होते. म्हणून पुढील गोष्टी आधी पाहाव्यात.

कान : या मुलांच्या कानाच्या नळ्या अरुंद असतात, पडद्यामागे पाणी साचते आणि ऐकणे कमी होते. जन्मानंतर आणि पुढेही ठरावीक काळाने श्रवणचाचणी करावी.

डोळे : जवळचे स्पष्ट पाहण्यासाठी डोळ्याच्या भिंगाला जोर लावावा लागतो, तो अनेकांना लावता येत नाही. वेल्समधील कार्डिफ विद्यापीठाच्या अभ्यासात अशा मुलांना बायफोकल चष्म्याचा फायदा दिसला. डोळ्याने शिकणाऱ्या मुलाला पुस्तकच अंधुक दिसत असेल, तर दोष कोणाचा?

थायरॉईड : जन्मतः, सहाव्या महिन्यात, वर्षाचे झाल्यावर आणि नंतर दरवर्षी रक्त तपासावे. थायरॉईड कमी असेल तर मूल सुस्त होते आणि त्याचा दोष आपण बुद्धीला देतो. उपाय आहे एक साधी गोळी.

हृदय : जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. म्हणून वरवर ठणठणीत दिसणाऱ्या बाळाचीही टू-डी इको तपासणी झालीच पाहिजे.

झोप : मूल घोरते, झोपेत श्वास अडतो, दिवसा पेंगते, असे असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

घरी काय करावे?

अगदी लहानपणी बाळाच्या समोर बसून, तोंड दिसेल असे, छोट्या वाक्यांत बोला. ‘दूध’, ‘ये’, ‘टाटा’ म्हणताना हाताची खूणही करा. खुणा केल्याने मूल बोलायचे राहते ही भीती खोटी आहे. उलट बोलणे येईपर्यंत खुणांचा आधार होतो. बोलल्यावर मनात दहा अंक मोजून त्याच्या उत्तराची वाट पाहा. आपणच घाईने उत्तर देऊन टाकतो!

थोडे मोठे झाल्यावर जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याची कार्डे करा. आधी घरातल्या माणसांचे दोन-दोन सारखे फोटो जुळवू द्या. मग ‘आई’, ‘बाबा’, ‘चेंडू’ असे ओळखीचे शब्द ठळक लिहा. पहिली पायरी, सारखे शब्द जुळवणे. दुसरी, “आई कुठे आहे?” म्हटल्यावर ते कार्ड उचलणे. तिसरी, कार्ड पाहून बोलणे. चुकू लागले तर लगेच हात धरून बरोबर करून घ्या. चुका मोजू नका. पुढे ‘आई आली’, ‘बाबा आले’ अशी दोन शब्दांची वाक्ये करा. वरील प्रयोग इंग्रजीतले आहेत, त्यामुळे काना-मात्रा-वेलांटीचे काम आपले आपल्यालाच सावकाश करावे लागेल. परंतु बाराखडी पूर्ण पाठ होईपर्यंत शब्द दाखवायचेच नाहीत, हा हट्ट सोडा.

पैसे कुठे घालवू नयेत?

‘बुद्धी वाढवणारे’ टॉनिक आणि व्हिटॅमिनची पाकिटे यांच्यामागे कर्ज काढणारे पालक मी पाहिले आहेत. २००८ साली इंग्लंडमध्ये डाऊन सिंड्रोमच्या १५६ बाळांवर अशा व्हिटॅमिन-पूरकांची पद्धतशीर परीक्षा झाली. बाळांच्या विकासात काहीही फायदा आढळला नाही. कशाने गुण येत नाही, हे सांगणे हेही संशोधनाचे काम आहे. ते पैसे चष्म्याला आणि श्रवणचाचणीला वापरा.

मदत कुठे मिळेल?

आपल्याकडे २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याचा शुभारंभ आपल्या महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला होता. त्याच्या यादीत डाऊन सिंड्रोमचा समावेश आहे. या कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आणि शाळेत मुलांची तपासणी करते, आणि पुढील तपासणी व उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची योजना आहे. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. शाळेने ‘नको’ म्हटले तर मुकाट्याने परत फिरू नका.

आजीला मी काय उत्तर दिले? म्हणालो, “आजी, शिकेल. सावकाश शिकेल. किती शिकेल ते आज मी सांगू शकत नाही, आणि कोणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण शिकवलं नाही तर शिकणार नाही, हे नक्की.”

मग इको आणि श्रवणचाचणीची चिठ्ठी लिहून दिली. आजीने चिठ्ठी घडी करून कनवटीला लावली आणि विचारले, “कार्डं कधीपासून करायची म्हणालात?”

मी म्हटले, “कार्डांना अजून वेळ आहे. बोलायला मात्र आजपासूनच लागा.”