पॉइंट गार्डचे गुण आणि दोष

कबड्डी, खो-खो आणि लंगडी हे खेळ आपण रोज खेळतो. आज मी तुम्हाला बास्केटबॉल या खेळातील एका गड्याची माहिती सांगणार आहे. त्याला पॉइंट गार्ड म्हणतात. गार्ड म्हटले की आपल्या कसाऱ्याच्या पोरांना रेल्वेचा गार्ड आठवतो, हिरवा झेंडा दाखवणारा. पण हा गार्ड वेगळा. हा संघातील बहुतेक वेळा सर्वांत बुटका गडी असतो, आणि तरी सगळा संघ त्याच्या सांगण्यावर चालतो. म्हणून मला त्याचा अभ्यास करावासा वाटला.

खेळाची थोडी माहिती

बास्केटबॉल हा खेळ जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकांनी १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड या गावी शोधून काढला. थंडीच्या दिवसांत बाहेर खेळता येत नव्हते, म्हणून त्यांनी घरात खेळता येईल असा खेळ तयार केला. त्यांनी पीच नावाच्या फळांच्या दोन टोपल्या उंचावर ठोकल्या आणि त्यांत चेंडू टाकायला सांगितला. इंग्रजीत टोपलीला बास्केट म्हणतात. त्यावरून हे नाव पडले. आता टोपलीच्या जागी लोखंडी कडे असते आणि त्याला जाळी असते. हे कडे जमिनीपासून ३.०५ मीटर, म्हणजे १० फूट उंच असते. सात फुटी दार घ्या आणि त्याच्यावर आणखी तीन फूट मोजा, तेवढे उंच!

मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असते. मोठ्यांचे खो-खोचे मैदान २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद असते. म्हणजे दोन्ही मैदाने जवळजवळ सारखीच. एका संघात एका वेळी ५ गडी खेळतात. सामन्यात १०-१० मिनिटांचे चार डाव असतात.

चेंडू हातात धरून पळायचे नाही. तो जमिनीवर आपटत, टप्पे मारत न्यायचा. याला ड्रिबल म्हणतात. एकदा टप्पे थांबवून चेंडू दोन्ही हातांत धरला, की पुन्हा टप्पे मारता येत नाहीत. मग एकच, पास द्या नाहीतर जाळीत टाका.

गार्डचे काम

चेंडू आपल्या बाजूकडून समोरच्या बाजूला नेणे हे पॉइंट गार्डचे पहिले काम. ८ सेकंदांच्या आत चेंडू मधल्या रेषेपलीकडे गेलाच पाहिजे. आणि २४ सेकंदांच्या आत जाळीकडे चेंडू टाकलाच पाहिजे. मनातल्या मनात १ ते २४ मोजून पाहा, किती लवकर संपतात. एवढ्या वेळात गार्डला बघायचे असते की आपला कोण गडी मोकळा आहे, कोणाला दोघांनी घेरले आहे, आणि चेंडू कोणाला द्यायचा.

गुरुजींनी हे समजावताना आपल्या स्टेशनातल्या बँकरचे उदाहरण दिले. कसारा ते इगतपुरी हा थळ घाट आहे. त्याचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की रूळ १ मीटर वर चढतो. एवढ्या चढावर गाडीच्या इंजिनाला एकट्याने जमत नाही. म्हणून कसाऱ्याला बहुतेक गाड्यांना मागून जादा इंजिने लावतात. ती गाडी ढकलत वर नेतात आणि परत येतात. गाडीच्या पाटीवर बँकरचे नाव नसते. पण तो नसला तर गाडी घाट चढेल का? पॉइंट गार्डचे तसेच आहे. जाळीत चेंडू दुसरा टाकतो, टाळ्या त्याला मिळतात. पण चेंडू तिथपर्यंत पोहोचवतो गार्ड.

लहान गार्डचे गुण

गुरुजींनी आम्हाला मोबाईलवर मुलांचे सामने दाखवले. ते पाहून आणि त्यांना विचारून मी हे गुण लिहिले आहेत.

१) बुटकेपणा. होय, हा गुणच आहे! बुटक्या गड्याचा टप्पा जमिनीजवळ असतो. उंच गड्याला तो चेंडू हिसकावायला खूप वाकावे लागते.

२) वेग. लहान गार्ड चपळ असतो. दोन गड्यांच्या मधल्या फटीतून तो निसटतो.

३) धिटाई. चेंडू मला द्या, मी नेतो, असे तो म्हणतो. जो चेंडूला घाबरतो तो गार्ड होऊ शकत नाही.

४) दम. त्याला सारखे पळावे लागते. चेंडू गेला की लगेच मागे येऊन अडवावे लागते.

लहान गार्डचे दोष

१) नजर खाली. लहान गार्ड टप्पे छान मारतो, पण बघतो चेंडूकडेच. त्यामुळे शेजारी मोकळा उभा असलेला आपला गडी त्याला दिसतच नाही.

२) एकच हात. आपण उजव्या हाताने लिहितो, जेवतो, दगड मारतो. गार्डही उजव्या हातानेच टप्पे मारतो. समोरच्याला हे कळले, की तो उजवी बाजू अडवून उभा राहतो. झाले, गार्डची वाट बंद!

३) घाई. त्याला एकच चाल येते, ती म्हणजे जोरात. तो जाळीपाशी पोहोचतो तेव्हा त्याचे सोबती अजून मधल्या रेषेवर असतात. मग तो एकटा आणि समोर तिघे.

४) एकट्याने खेळणे. कबड्डीत चढाईला एकटेच जायचे असते. तिथे ते बरोबर आहे. पण इथे पाच जणांची चढाई असते. खो-खोत जो पाठलाग करताना वेळेवर खो देत नाही तो स्वतः दमतो आणि डावही घालवतो. तसेच इथे पास न देणाऱ्याचे होते.

५) न बोलणे. हा दोष मला सगळ्यात मोठा वाटतो. गार्डने ओरडून सांगायचे असते, तू डावीकडे जा, तू मागे ये. पण लहान गड्याला लाज वाटते. आपल्याकडे सातवीतल्या दादाला किंवा ताईला चौथीतल्या पोरीने हुकूम सोडला तर लोक म्हणतात, केवढीशी आहे आणि किती बोलते! म्हणून ती गप्प बसते. मग पाच जण पाच दिशांना पळतात. गुरुजी म्हणाले, मैदानात सांगणे म्हणजे उद्धटपणा नव्हे, ते गार्डचे कामच आहे. दादाला दादाच म्हणावे, पण स्पष्ट आणि मोठ्याने सांगावे. “दादा, डावीकडे!” एवढे दोन शब्द पुरतात.

गुण आणि दोष शेजारी राहतात

मी वहीत दोन रकाने आखले. डावीकडे गुण आणि उजवीकडे दोष. मग मला एक गंमत दिसली. वेगाच्या समोर घाई आली. धिटाईच्या समोर एकट्याने खेळणे आले. छान टप्प्याच्या समोर खाली नजर आली. म्हणजे दोष कुठून तरी लांबून येत नाही. जो गुण आहे, तोच जास्त झाला की दोष होतो. आपल्या भातशेतीला पाऊस लागतोच, पण तोच जास्त झाला तर रोप कुजते. म्हणून कोणी पावसाला नको म्हणत नाही, बांध फोडून जास्तीचे पाणी काढून देतात.

तसेच गार्डचे करायचे. घाई करणाऱ्या पोराला “तू पळूच नको” असे सांगितले तर त्याचा वेगही जाईल. त्याला थांबायला शिकवायचे. कधी हळू, कधी जोरात. एकदम वेग बदलला की समोरचा फसतो. आणि धीट पोरीला “तू चेंडूच घेऊ नको” म्हणून बाजूला बसवायचे नाही. चेंडू घे, पण आधी दोघांकडे बघ, असे सांगायचे.

मूर्ती लहान पण कीर्ती महान

अमेरिकेत एन.बी.ए. नावाची मोठी स्पर्धा असते. तिच्यात मग्सी बोग्ज नावाचा गार्ड १९८७ ते २००१ या काळात खेळला. त्याची उंची फक्त ५ फूट ३ इंच, म्हणजे १६० सेंटीमीटर होती. एवढ्या उंचीची माणसे आपल्या गावात कितीतरी आहेत. त्या स्पर्धेत आजपर्यंत त्याच्याहून बुटका कोणी खेळलेला नाही. पहिल्या वर्षी त्याच्याच संघात मानूट बोल हा गडी होता. त्याची उंची ७ फूट ७ इंच! दोघांच्या उंचीत २ फूट ४ इंचांचा फरक होता, तरी दोघे एकाच संघातून खेळले.

बोग्जला बुटकेपणाचा तोटा होताच. उंच गडी त्याच्या डोक्यावरून चेंडू टाकू शकत. पण त्याने ६,७०० पेक्षा जास्त वेळा असा पास दिला, की त्यावर सोबत्याने लगेच चेंडू जाळीत टाकला. अशा पासला असिस्ट म्हणतात. आणि १,३०० पेक्षा जास्त वेळा त्याने समोरच्याचा चेंडू पळवला. खाली वाकलेल्या उंच गड्याचा टप्पा बरोबर त्याच्या हातापाशी येई.

आपल्या महाराष्ट्रातही चांगल्या खेळाडू झाल्या आहेत. नागपूरची सिया देवधर आणि पुण्याची शिरीन लिमये या दोघी भारताच्या संघातून खेळल्या आहेत.

गार्डचा हिशोब

गार्ड चांगला की वाईट, हे ओरडून ठरत नाही. त्याचा हिशोब करता येतो. आपल्याला चौथीत भागाकार आहे, तेवढा पुरतो. गार्डचे असिस्ट किती झाले ते मोजा आणि त्याने किती वेळा चेंडू गमावला ते मोजा. मग असिस्टला गमावलेल्या चेंडूंनी भागा.

उदाहरण : समजा एका मुलीने ६ असिस्ट दिले आणि ३ वेळा चेंडू गमावला. ६ भागिले ३ बरोबर २. दुसऱ्या मुलाने ८ असिस्ट दिले पण ८ वेळा चेंडू गमावला. ८ भागिले ८ बरोबर १. मुलाचे असिस्ट जास्त दिसतात, पण हिशोबाने मुलगी बरी. बोग्जचे उत्तर सगळ्या वर्षांचे मिळून चारपेक्षा जास्त येते! हिशोब केला की आवडता-नावडता असे राहत नाही. बुटकी आहे, मुलगी आहे, वाडीवरून येते, असे म्हणून कोणाला संघाबाहेर ठेवता येत नाही. वहीच सांगते.

आपल्या शाळेत सराव कसा करावा

आपल्याकडे बास्केटबॉलचा खांब नाही आणि जाळीही नाही. पण गार्डचा अर्धा अभ्यास जाळीशिवाय होतो. पावसाळ्यात मैदानात चिखल असतो. चिखलात चेंडू बसतो, वर येत नाही. तेव्हा पडवीतल्या फरशीवर सराव करावा. साधा रबरी चेंडू चालतो.

१) एकाने टप्पे मारावेत. समोरच्याने बोटे दाखवावीत. टप्पे न थांबवता किती बोटे ते सांगावे. नजर आपोआप वर येते.

२) डाव्या हाताने टप्पे मारत १७ चा पाढा म्हणावा. पाढा चुकला किंवा चेंडू सुटला तर पुन्हा पहिल्यापासून. सतरा चोक अडुसष्टला पुष्कळांचा चेंडू सुटतो.

३) भिंतीवर खडूने छातीएवढ्या उंचीवर गोल काढावा. पाच पावलांवरून चेंडू त्यावर मारावा आणि परत झेलावा. १० पैकी किती लागले ते वहीत लिहावे.

४) एकाने टाळ्या वाजवाव्यात. एक टाळी म्हणजे हळू, दोन टाळ्या म्हणजे जोरात, तीन टाळ्या म्हणजे जागच्या जागी टप्पे. यामुळे घाई कमी होते.

५) पास देताना ज्याला द्यायचा त्याचे नाव मोठ्याने घ्यावे. नाव न घेतलेला पास धरायचा नाही, असा नियम करावा. लाजणारी पोरेही मग बोलतात.

मैदान सुकले की खो-खोच्या मैदानातच पाच-पाच जणांचे संघ करावेत. दोन्ही टोकांना एक-एक जण बादली घेऊन उभा राहील. बादली हीच आपली टोपली. नेस्मिथ गुरुजींनी तरी पहिल्यांदा फळांच्या टोपल्याच लावल्या होत्या ना!

स्वाध्याय

१) पॉइंट गार्डला किती सेकंदांत मधली रेषा ओलांडावी लागते?

२) गार्डचे असिस्ट १२ आणि गमावलेले चेंडू ४, तर उत्तर किती?

३) आपल्या आवडत्या खेळातील एका गड्याचे तीन गुण लिहा. प्रत्येक गुणासमोर, तो जास्त झाला तर कोणता दोष होईल, ते लिहा.

४) तिसऱ्या प्रश्नात आता स्वतःचे नाव घाला आणि पुन्हा लिहा. हे उत्तर कोणाला दाखवायची गरज नाही.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी