मनाचे दुःख आणि समाजाचे वर्तन

१. प्रश्न कोणता?

हिवतापाने आजारी पडलेल्या माणसास वैद्य औषध देतो. परंतु घराशेजारचे डबके तसेच राहिले, तर ताप पुन्हा येतो. मनाच्या दुःखाचेही पुष्कळदा असेच असते. ज्यांना आपल्याच लिंगाच्या व्यक्तीविषयी प्रेम वाटते, किंवा जन्मवेळी ठरविलेले लिंग ज्यांना आपले वाटत नाही, अशा व्यक्तींना आज एकत्रितपणे ‘क्विअर’ म्हणतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या वाट्याला येणारी भीती व निराशा कोठून उद्भवते, आणि समुपदेशकाने त्यांवर कोणता उपाय योजावा, हे ह्या पाठात पाहावयाचे आहे.

२. हा रोग नव्हे

वैद्यकशास्त्राने समलिंगी आकर्षणास दीर्घकाळ विकृती मानले. ह्या समजुतीत एक दोष होता : डॉक्टरांनी पाहिलेली माणसे बहुधा दवाखान्यांतील किंवा तुरुंगांतील असत. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांनी सर्वसामान्य जीवन जगणाऱ्या ३० समलिंगी व ३० भिन्नलिंगी पुरुषांच्या चाचण्या घेतल्या. कोणती उत्तरे कोणाची, हे न सांगता ती तज्ज्ञांपुढे ठेवली. तज्ज्ञांना दोन्ही गट वेगळे ओळखता आले नाहीत. हे निष्कर्ष १९५७ साली प्रसिद्ध झाले.

पुढे १९७३ मध्ये अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने, व १९९० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, समलैंगिकता मनोविकारांच्या यादीतून वगळली. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये तो मनोविकार नसल्याचे जाहीर केले. जेथे रोग नाही, तेथे रोगनिवारणही संभवत नाही. म्हणूनच व्यक्तीचे आकर्षण ‘बदलण्याचे’ तथाकथित उपचार हा डॉक्टरांचा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार होय, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कळविले.

३. ताण कोठून येतो?

रोग नाही, मग दुःख का? अमेरिकेतील संशोधक इलान मेयर यांनी ह्याचे उत्तर ‘अल्पसंख्याकांचा ताण’ ह्या कल्पनेने दिले. नित्याच्या संसारचिंता सर्वांनाच असतात. परंतु क्विअर व्यक्तीस त्यांखेरीज आणखी भार वाहावा लागतो. पहिला भार उघड अपमानाचा व भेदभावाचा. दुसरा, अपमान केव्हाही होईल ह्या धास्तीचा. तिसरा, स्वतःस सतत लपविण्याचा. चौथा सर्वांत जड : समाजाची निंदा आपणच खरी मानू लागण्याचा. ह्यांतील एकही भार त्या व्यक्तीच्या प्रेमातून उत्पन्न होत नाही; तो भोवतालाने लादलेला असतो.

४. समुपदेशनाची रीत

एक कल्पित उदाहरण घेऊ. गावाकडून पुण्यास शिकावयास आलेल्या एका तरुणीस झोप लागत नाही. घरी तिच्यासाठी स्थळे पाहणे चालू आहे. तिचे प्रेम मात्र एका मैत्रिणीवर आहे. ‘लग्न झाले की सारे सुरळीत होईल,’ असे सांगणारा सल्लागार तिचे व तिच्या भावी पतीचेही अहित करतो. ‘माझ्या दृष्टीने सर्व माणसे सारखीच,’ एवढेच म्हणणारा सज्जनही अपुरा पडतो. कारण तिच्यावरील विशेष भार तो पाहतच नाही.

जाणता समुपदेशक प्रथम स्वतःच्या मनातील गृहीते तपासतो. ‘लग्न कधी?’ असे विचारीत नाही. ती स्वतःचा उल्लेख जसा करते, तोच शब्द वापरतो. तिने सांगितलेले तिच्या संमतीवाचून आईवडिलांस कळवीत नाही. तिचे नाते खरे आहे व तिच्यात दुरुस्त करण्याजोगे काही नाही, हे तो स्पष्ट शब्दांत सांगतो. घरी सांगावे की नाही, ह्याचा निर्णय तिचाच. मारहाण, कोंडून ठेवणे वा शिक्षण थांबविणे ह्यांचा धोका कितपत आहे, राहण्याची व पैशाची सोय काय, ह्याचा विचार दोघे मिळून करतात. तिची इच्छा असल्यास तो कुटुंबीयांशीही बोलतो.

५. न्यायाशी संबंध

प्रत्येकाचा भार सारखा नसतो. जात, गरिबी, अपंगत्व किंवा खेडेगावातील एकटेपणा ह्यांची भर पडली म्हणजे आधार शोधणे अधिक कठीण होते. म्हणून समुपदेशकास कायद्याचे ज्ञानही हवे. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्ह्यातून मुक्त केले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करण्यास मनाई केली आहे. मात्र २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास कायदेशीर मान्यता दिली नाही. त्यामुळे जोडीदारांपुढील अनेक व्यावहारिक अडचणी शिल्लक राहिल्या.

६. महाराष्ट्रातील वाटचाल

लैंगिक प्रश्नांवर निर्भयपणे बोलण्याची परंपरा मराठीत जुनी आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला चालला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी कर्व्यांना दंड झाला. मुंबईत १९९४ पासून हमसफर ट्रस्ट व पुण्यात २००२ पासून समपथिक ट्रस्ट ह्या संस्थांनी काम आरंभिले. मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हने समुपदेशकांसाठी खास अभ्यासक्रम चालविला असून तो क्विअर तज्ज्ञांनीच रचला व शिकविला, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

औषध रोग्यास द्यावयाचे. डबके मात्र गावाने बुजवावयाचे असते. शाळेतील चेष्टा थांबविणारा शिक्षक आणि मुलाचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणारी आई ह्याच कामास हातभार लावतात.

स्वाध्याय

१. हूकर यांनी उत्तरे कोणाची हे तज्ज्ञांपासून गुप्त का ठेवले असावे?
२. अल्पसंख्याकांच्या ताणाचे चार भार कोणते?
३. आपल्या शाळेत असा एखादा भार कमी करण्यासाठी काय करता येईल?