इस्लामी अध्ययनाचे विद्यार्थी : प्रेरणा आणि संधी

शैक्षणिक मानसशास्त्रात प्रेरणेचे आंतरिक आणि बाह्य असे दोन प्रकार मानले जातात. विषयाची ओढ ही आंतरिक, तर नोकरी, वेतन, प्रतिष्ठा ही बाह्य प्रेरणा. इस्लामी अध्ययनाच्या विद्यार्थ्याबाबत मात्र ही विभागणी अपुरी ठरते. इस्लामी परंपरेत ‘इल्म’ म्हणजे ज्ञान मिळवणे हेच धार्मिक कर्तव्य आहे आणि कृतीचे मोल तिच्यामागील ‘नियत’ पाहून ठरते. त्यामुळे अभ्यासाची ओढ या विद्यार्थ्याकडे बहुधा आरंभापासूनच असते. ती टिकते की विझते, हे पुढची वाट खुली आहे की नाही यावर अवलंबून राहते.

बेंगळुरूत हे स्पष्ट दिसते. 1960 मध्ये स्थापन झालेले दारुल उलूम सबीलुर रशाद हे तेथील प्रमुख निवासी धर्मविद्यालय. त्या परिसराचे टपाल कार्यालयही ‘अरेबिक कॉलेज’ या नावानेच ओळखले जाते. अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महालातील मुल्ला निजामुद्दीन यांनी आखलेला ‘दर्स-ए-निजामी’ अभ्यासक्रम भारतातील असंख्य मदरशांत फेरबदलांसह आजही चालतो. अरबी व्याकरण, तर्कशास्त्र, फिक्ह (धर्मविधी), तफसीर आणि हदीस अशा पायऱ्या चढण्यास अनेक वर्षे लागतात. एवढी चिकाटी दाखवणाऱ्या विद्यार्थ्यात प्रेरणेचा अभाव आहे असे म्हणणे धाडसाचेच होय. अडचण पुढे येते. आलिमची सनद मशिदीत मान मिळवून देते. पण एसएसएलसीचे प्रमाणपत्र नसेल तर संगणक उद्योगाच्या या शहरात साध्या कारकुनी पदासाठीही अर्ज करता येत नाही.

या संदर्भात डेव्हिड मॅक्लेलँड यांचा काकीनाडा येथील प्रयोग अभ्यासण्यासारखा आहे. 1964 च्या सुमारास त्यांनी तेथील लहान उद्योजकांना संपादन प्रेरणेचे प्रशिक्षण दिले. प्रेरणा शिकवून वाढवता येते, एवढाच निष्कर्ष सहसा उत्तरपत्रिकेत लिहिला जातो. ज्यांच्या हाती स्वतःच्या व्यवसायाचे निर्णय होते, त्यांच्यातच बदल ठळकपणे दिसला, हा त्यातील अधिक महत्त्वाचा भाग सुटून जातो.

शिक्षणाचा समाजाला होणारा उपयोग हीदेखील मोठी प्रेरणा असते. हलाल गुंतवणुकीच्या नावाने ठेवी गोळा करणारी बेंगळुरूतील आय मॉनेटरी अ‍ॅडव्हायझरी ही कंपनी जून 2019 मध्ये कोसळली आणि हजारो कुटुंबांची बचत अडकली. व्याजाचा निषेध आणि ‘मुदारबा’ या नफा-भागीदारीचे नियम जाणणारा, शिवाय ताळेबंदही वाचू शकणारा पदवीधर अशा शहराला किती आवश्यक आहे, हे वेगळे सांगावे लागू नये. अरब देशांतून उपचारांसाठी येणाऱ्या रुग्णांमुळे तेथील रुग्णालयांत अरबी दुभाष्यांनाही काम मिळते.

वाट खुली करण्याचे प्रयत्न झाले आहेत. सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालानुसार शालेय वयातील मुस्लिम विद्यार्थ्यांपैकी केवळ 4 टक्क्यांच्या आसपास मदरशांत शिकत होते. त्यामुळे हा प्रश्न संपूर्ण समाजाच्या शिक्षणाचा पर्याय समजू नये. अलिगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिल्लिया इस्लामिया आणि हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ (1998) ठराविक मदरशांच्या सनदा प्रवेशासाठी ग्राह्य धरतात. अलिगढने 2013 मध्ये मदरसा पदवीधरांसाठी सेतू अभ्यासक्रम सुरू केला. सनदेचे मोल असे विद्यापीठाच्या दारात मान्य होणे, हे शिष्यवृत्तीइतकेच बळ देणारे असते. शिष्यवृत्तीचे क्षेत्र मात्र आकुंचन पावले आहे : अल्पसंख्याक संशोधकांसाठी 2009 मध्ये सुरू झालेली मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती 2022 मध्ये बंद करण्यात आली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘नेट’ परीक्षेत ‘अरब संस्कृती व इस्लामी अध्ययन’ हा स्वतंत्र विषय असून, त्यातून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळवता येते.