पशुवैद्यकाचें शेवटचें वर्ष

मुंबईस परळ येथें १८८६ सालीं पशुवैद्यक महाविद्यालय स्थापन झालें. आपल्या जालना जिल्ह्याच्या शेजारीं, परभणीस, तसेंच एक १९७२ सालीं निघालें. अभ्यासक्रम साडेपांच वर्षांचा, आणि त्यांतील शेवटचें वर्ष प्रत्यक्ष कामाचें. तें कोठें घालवावें हें निवडण्याची मुभा मिळाल्यास विद्यार्थ्यानें शहरांतील श्वानांचा दवाखाना सोडून जालन्याकडील खेड्यांतला पत्करावा, असें आम्हांस वाटतें.

कारण पाहा. पावसानें ओढ दिली म्हणजे खुरटलेल्या कोवळ्या ज्वारींत विष सांठतें. दावें तोडून गाय त्यांत शिरली, कीं थोड्याच वेळांत धापा टाकीत आडवी होते. शेतकरी ह्यास किराळ लागणें म्हणतात. रक्तांत प्राणवायु असतो, परंतु शरीराला तो वापरतां येत नाहीं; म्हणून हिरड्या लालभडक दिसतात. उतारा सोडियम थायोसल्फेटचा, म्हणजे छायाचित्रकारांचा जुना हायपो! तो शिरेंतून, आणि तोही तत्काळ, द्यावा लागतो.

मात्रा वजनावर ठरते. पण शिवारांत कांटा कोठला? मग दोरी घ्यावी. छातीचा घेर ६० इंच व खांद्यापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी ५० इंच भरली, तर घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ३००. वजन सुमारें ६०० पौंड. (आमच्या वाचकांनीं घरच्या बैलावर हें गणित करून पाहावें, बैल गरीब असल्यास.) पडलेल्या गायीचीं मापें घेतां घेतांच हा हिशेब मनांत झाला पाहिजे, आणि औषधाची बाटली तोंवर पेटींतून बाहेर.